दोन ढीग, एक ओटा

९ जानेवारी

कन्येने आज दोन वह्या आणून दिल्या. एक निळी, एक तपकिरी. निळीत रोज ढिगाचं तापमान, घातलेलं पाणी आणि माती उलटल्याची वेळ लिहायची. तपकिरी कशाला, असं विचारलं, तर म्हणाली, "निळीत भाषण लिहायचा मोह झाला, की तपकिरीत लिहा."

ही तपकिरी आहे.

प्रसंग मांडून ठेवतो, म्हणजे पुढे इतिहासकारांची गैरसोय होणार नाही. आमचा इंजिनदुरुस्तीचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली. शेजारचं मैदान तेवढं उरलं आहे. तीस वर्षं इंजिनांतलं जळकं ऑइल त्या मैदानात जिरलं आणि तिथून आमच्या चाळीस घरांच्या वसाहतीच्या विहिरीत उतरलं. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. पालिकेला मैदानावर काँक्रीट ओतून ट्रक उभे करायचे आहेत. "वर काँक्रीट पडलं, की खालचा प्रश्न मिटला," असं पालिकेचे साहेब सभेत म्हणाले.

मी चाळीस मिनिटं बोललो. माणसाला माती एकदाच मिळते, असं म्हणालो. जो समाज आपली घाण झाकतो तो तिच्यावरच जेवायला बसतो, असंही म्हणालो. टाळ्या पडल्या. मग कन्या चार मिनिटं बोलली. ती प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करते. मातीत तेल खाणारे जिवाणू असतातच, त्यांना हवा, पाणी आणि थोडं खत दिलं की ते तेल संपवतात, असं तिचं म्हणणं. साहेबांनी ३० जूनपर्यंत मुदत दिली. नमुन्यादाखल एका ढिगातलं तेल निम्म्याच्या खाली आणून दाखवायचं, आणि ते या उपायानेच गेलं हे सिद्ध करायचं. जमलं, तर सगळं मैदान याच पद्धतीने साफ होईल आणि विहीर उघडेल. नाही जमलं, तर काँक्रीट.

मुदत माझ्या भाषणामुळे मिळाली, असं माझं मत आहे. साहेब मात्र ती देताना तिच्याकडे पाहत होते.

१३ जानेवारी

ढीग झाले. जेसीबीने मैदानाच्या मधली काळी माती उपसून खोलीएवढे दोन ढीग घातले. अ आणि ब. दोन्हींत किलोमागे अडतीस ग्रॅम तेल. अ मध्ये भुसा, कंपोस्ट, पाणी आणि जिवाणू जाणार, आठवड्यातून एकदा तो उलटायचा. ब वर ताडपत्री टाकायची आणि त्याला विसरून जायचं.

"ब ला हात लावायचा नाही," कन्या म्हणाली. "पाणी नाही, खत नाही, फावडं नाही. तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. अ मधलं तेल आपल्या कामाने गेलं की आपोआप गेलं, हे ब सांगणार आहे. तो आपला साक्षीदार आहे."

मग तिने मूठ शिकवली. अ मधली माती मुठीत घेऊन आवळायची. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकलं तर जास्त, फुटला तर कमी. मी म्हणालो, मूठ आवळण्यात माझी हयात गेली. ती म्हणाली, "ती वर करायची होती, बाबा. ही खाली."

मदतीला फिटर आहे. कारखान्यात तो माझ्या बाजूच्या बाकावर होता. तो आणि सगळी वसाहत मला अजून भोंगा म्हणतात. कारखान्याचा भोंगा बंद पडला, हा चालू राहिला, असं त्याचं स्पष्टीकरण असतं. कुणी न विचारतासुद्धा असतं.

१४ जानेवारी

कंबर.

२१ जानेवारी

जिवाणू आले. पाच कॅन. दिसायला ताकदीचे वाटले नाहीत.

त्यांच्या कामाचे तास किती, असं मी विचारलं.

"चोवीस."

"सुट्टी?"

"नाही."

"हे कुठल्या कायद्यात बसतं?"

"बाबा, ते काम करत नाहीत. ते जेवताहेत."

फिटर म्हणाला, "म्हणजे आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीसारखे." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. कन्या हसली. ती हसते तेव्हा थेट तिच्या आईसारखी दिसते. तिची आई माझ्या बोलण्यावर हसत नाही, त्यामुळे ताडून पाहायची संधी कमी मिळते.

५ फेब्रुवारी

अ गरम झाला. छत्तीस अंश. वर हात धरला तर वाफ लागते. म्हणजे जेवण जोरात चालू आहे. निळीत लिहिलं.

शेजारी ब ताडपत्रीखाली थंड पडला आहे. एकाच खड्ड्यातली माती, एकच रंग, एकच वास. एकाला पाणी, खत, कॅनमधून आणलेले खास जिवाणू, दर आठवड्याला अंगाला फावडं. दुसऱ्याला ताडपत्री. कारखान्यात कँटीनला दोन दारं होती, एक साहेबलोकांचं, एक आमचं. ते दुसरं दार मी सव्वीस दिवसांच्या संपानंतर काढायला लावलं. त्या दाराच्या बिजागऱ्या अजून माझ्या कपाटात आहेत.

विज्ञानाविषयी मला आदर आहे. पण विज्ञानालाही अंतःकरण असावं.

६ फेब्रुवारी

ब ला एक कॅन पाणी दिलं. एका कॅनने काय होतंय?

१९ फेब्रुवारी

कन्या दर महिन्याला एकदा येते. आज तिने मैदानात आणि विहिरीच्या वाटेवर चार ठिकाणी भोकं पाडून माती घेतली. म्हणाली, विहिरीत येणारं तेल मैदानाच्या मधून येत नाहीये, विहिरीकडच्या कोपऱ्यातून येतंय. त्या कोपऱ्यात सभेचा ओटा आहे.

ओट्याबद्दल इथे लिहिणं आवश्यक आहे. बारा फूट बाय आठ, काँक्रीटचा, बावीस वर्षांपूर्वी संघटनेने मॅनेजमेंटकडून मिळवलेला. त्याच्याआधी आम्ही पिंपावर उभं राहून बोलायचो. त्या ओट्यावरून मी बोललो की समोरच्या इमारतीच्या काचा वाजायच्या. तो चाळीस घरांचा इतिहास आहे.

"ओट्याला एक भोक पाडू का?" कन्येने विचारलं. "बांगडीएवढं."

मी तिला इतिहासाचं महत्त्व सांगितलं. पंधरा मिनिटं लागली. फिटर तेवढा वेळ आपल्या बुटाची नाडी बांधत होता. त्याचे बूट बिननाडीचे आहेत.

२० फेब्रुवारी

पाठ दुखत असल्याने आजची नोंद थोडक्यात.

८ मार्च

नवलाची गोष्ट. आज ब ची ताडपत्री उचलली, तर माती ओली. मी तीन दिवस पाणी दिलेलं नाही. मूठ आवळली, सुबक गोळा झाला. दव असणार. किंवा मातीत उपजत स्वाभिमान असतो, संधीची चाहूल लागली तरी ती उभारी धरते. दुसरं स्पष्टीकरण मला जास्त पटतं.

आमची ही दारात भाजी धुऊन रिकामी बादली घेऊन येत होती. तिला म्हटलं, ब ला पाझर फुटलाय. ती म्हणाली, "फुटेल नाहीतर काय. रस्त्याच्या कडेला तोच आहे."

याचा अर्थ लागला नाही.

३० मार्च

अ मधलं तेल चोवीसवर आलं. कन्येचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत होतो, तिथूनच वसाहतीला जाहीर केलं. काही लोक खिडकीत आले. काही आत गेले.

ब ची तपासणी शेवटी एकदाच होणार आहे. "मध्येमध्ये ताडपत्री काढायला नको, तो तसाच राहू दे," असं ती म्हणाली. मी म्हणालो, अगदी तसाच आहे.

एवढ्यात मी त्याला अर्धं घमेलं कंपोस्टही देतो. अ चं सांडलेलं असतं, तेच.

१७ एप्रिल

आज फिटरकडून एक विचित्र वाक्य ऐकलं. ढीग उलटून दमलो आणि बसलो, तेव्हा तो म्हणाला, "भोंग्या, गुरुवारी तू येत नाहीस ते बरं आहे. गुरुवारी मला निवांत काम करता येतं."

"गुरुवारी काम कुठे असतं? आपण सोमवारी उलटतो."

"तेच. निवांत."

वय झालं की माणूस असं बोलतो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

ब मध्ये हात घातला. कोमट. मुलाने बाळसं धरलं की बापाला जसं वाटतं तसं काहीतरी वाटलं. निळीत लिहिलं नाही. निळीत ब चा रकानाच नाही, याचंही वाईट वाटलं.

११ मे

कारखाना बंद झाल्याचा दिवस. दरवर्षीप्रमाणे ओट्यावरून बोललो. साठ-सत्तर माणसं होती. बरं झालं.

दरवर्षी एक प्रश्न मी तीनदा विचारतो: "आपल्या विहिरीत विष कुणी कालवलं?" लोक तीनदा उत्तर देतात: "मॅनेजमेंटने!" पहिल्या वेळी आवाज चांगला आला. दुसऱ्या वेळी फिटरला खोकला लागला. तिसऱ्या वेळी आमची ही उठून गेली. नंतर म्हणाली, दोरीवरचे कपडे काढायचे होते. आकाश निरभ्र होतं.

कन्या मागे उभी होती. टाळी वाजवली नाही, पण ती कुणालाच वाजवत नाही. घरी जेवताना म्हणाली, "बाबा, ओट्याच्या जवळच्या भोकात सगळ्यात जास्त तेल आहे. लांबच्यात कमी. ओट्याखाली काय आहे?"

"पाया," मी म्हणालो.

"पायाखाली?"

"बावीस वर्षांचा संघर्ष."

आमच्या हिने पाण्याचं भांडं जरा जोरात ठेवलं.

१४ जून

शेवटचे नमुने घेतले. कन्येने ब ची ताडपत्री काढली. तिने मातीचा वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वास घेतला. काही बोलली नाही. तिचा स्वभावच तसा आहे.

२२ जून

निकाल.

अ: तेरा ग्रॅम.

ब: पंधरा ग्रॅम.

हे आकडे वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दोन्ही पोरं पास, असं वाटलं. कन्या खुर्चीत बसून होती. म्हणाली, साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्ही काही केलं तरी तेवढंच, न केलं तरी तेवढंच. मग तुमचा उपाय कुठे सिद्ध झाला? तीस तारखेला सुनावणी घेतो, एक तारखेला काँक्रीटची गाडी येईल."

"असं कधी होत नाही," ती म्हणाली. "हवा-पाण्याशिवाय एवढं तेल जाणं शक्य नाही. मी कुठे चुकले तेच कळत नाही. सहा महिने..." आणि तिने कपाळ टेबलावर टेकवलं. लहानपणी गणित सुटलं नाही की ती असंच करायची. तेव्हा मी दौऱ्यावर असायचो. मला हे तिच्या आईने सांगितलेलं आहे.

मी म्हणालो, "पाणी मी दिलं."

ती उठली नाही. टेबलाशीच म्हणाली, "काय?"

"ब ला. रोज नाही. म्हणजे शेवटी शेवटी रोज. आणि थोडं कंपोस्ट. एकाला सगळं आणि एकाला काहीच नाही, हे मला बघवलं नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून ही म्हणाली, "भाजीचं पाणी मी पण ओतत होते. गटारापर्यंत कोण जातंय, तो कडेलाच आहे. त्यात सालं पण असायची."

फिटर उंबऱ्यावर बसला होता. त्याने टोपी काढली. "दर गुरुवारी मी तो उलटायचो. भोंगा म्हणतो पोरांत दुजाभाव नको. मला वाटलं, हा नुसता बोलतोय, करणार काही नाही. नेहमीसारखं. म्हणून मी केलं."

मग कन्येचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटलं. ती हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत एक माणूस चुकतो. तुम्ही तिघांनी एकमेकांना न सांगता संघटना काढलीत."

मग हसणं थांबलं. "आता ऐका. मला याच मैदानातली, याच ऑइलची माती हवी, जिला कधी हवा लागली नाही, पाणी लागलं नाही, कुणी हात लावला नाही. मैदान तर सगळं उकरलेलं, पावसापाण्याने धुतलेलं आहे. आहे का अशी माती कुठे? कुठेही?"

फिटरने माझ्याकडे पाहिलं. आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नाही."

फिटर टोपी घालून निघून गेला. कन्या प्रयोगशाळेत गेली.

२३ जून

सकाळी चहाचा कप समोर ठेवून ही म्हणाली, "तो शर्ट मी धुतला होता."

"कुठला?"

"बावीस वर्षांपूर्वीचा. निळ्या चौकडीचा. चारदा धुतला. सोडा लावून, रॉकेल लावून. डाग गेला नाही. मग त्याचं पायपुसणं केलं. तुम्ही दरवर्षी भाषणाला जाताना त्यालाच पाय पुसून जायचा."

एवढंच. कप घेऊन आत गेली. मी चहा प्यायलो नव्हता.

बावीस वर्षं मी समजत होतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. झाकलेली फक्त मलाच वाटत होती.

तेव्हा इथे लिहितो. इथे कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे जरा अवघड जातंय.

त्या वर्षी जळक्या ऑइलची तपासणी होणार होती. आठ दिवस होते. कारखान्याच्या मागे एकतीस पिंपं साठली होती. मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, विहिरीच्या कोपऱ्यातला खड्डा भरायचाय, दोन विश्वासाची माणसं दे. वर काय हवं ते बांधून देतो. मला 'नाही' म्हणता आलं असतं. नाही म्हणण्याबद्दलच तर लोक मला निवडून देत होते. पण मी आठ वर्षं पिंपावर उभा राहून बोललो होतो. पिंप डुगडुगतं. मी म्हणालो, ओटा.

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, मी आणि फिटरने एकतीस पिंपं खड्ड्यात रिकामी केली, वर माती लोटली. चोरी लोक लपूनछपून करतात. तडजोड उजेडात करतात, म्हणून ती ओळखू येत नाही. चार दिवसांत ओटा उभा राहिला. दोन वर्षांनी विहिरीच्या पाण्यावर पहिला तवंग आला. मी ओट्यावर चढलो आणि विचारलं, आपल्या विहिरीत विष कुणी कालवलं?

लोकांनी उत्तर दिलं. मी ते मान्य केलं.

२४ जून

कन्येला फोन केला. "तुला हवी तशी माती आहे," म्हणालो. पुढचं वाक्य जमेना. आयुष्यात प्रथमच वाक्य जमलं नाही.

ती म्हणाली, "तपकिरीत लिहिलंय का?"

"हो."

"मग वाचते."

संध्याकाळी आली आणि वही घेऊन गेली. ही नोंद वही परत आल्यावर घातली आहे.

२७ जून

वही परत आली. तिने पेन्सिलीने समासात लिहिलं आहे. ६ फेब्रुवारीच्या नोंदीपाशी: "कॅन किती लिटरचा?" कंपोस्टपाशी: "घमेलं भरून की सपाट?" २३ जूनची नोंद पूर्ण वाचली असावी, कारण तिथे कागद जरासा फुगला आहे. त्या पानाच्या समासात दोनच शब्द आहेत: "खोली किती?"

मी खाली लिहिलं: सात फूट.

आज ओटा फोडला. फिटरने घण आणला. पहिला घाव मी घालावा, असं म्हणाला. मी घातला. काही झालं नाही. "संघटनेचं काम पक्कं असतं," तो म्हणाला. दुसरा त्याने घातला. तासाभरात मधोमध दाराएवढं भोक पडलं. वसाहत गोळा झाली होती. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. वास आला, तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरकले. तो वास जुना नव्हता. काल ओतल्यासारखा होता.

कन्या खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली. "बाबा, मूठ घ्या."

मी माती घेतली, आवळली. बोटांच्या फटींतून काळं ऑइल मनगटावर उतरलं, तिथून शर्टाच्या बाहीत गेलं. आजही निळाच शर्ट होता. आमच्या हिने पाहिलं आणि म्हणाली, "हा मी धुणार नाही."

३० जून

सुनावणी. पालिकेचा हॉल, दोन पंखे, एक चालू.

साहेबांसमोर निळी वही, तपकिरी वही आणि तीन बाटल्या. कन्या तीन दिवस प्रयोगशाळेतून हलली नव्हती. ती म्हणाली, "अ आणि ब दोन्हींना पाणी मिळालं, खत मिळालं, हवा मिळाली. कुणी, कधी, किती, ते तपकिरी वहीत तारीखवार आहे. आम्ही ठरवलं नव्हतं, पण ते झालं, आणि मी ते झाकणार नाही. आता ही तिसरी बाटली. जिवाणू ऑइलमधला काही भाग आधी खातात, काही भागाला शेवटपर्यंत तोंड लावत नाहीत. अ आणि ब मध्ये नुसती हाडं उरली आहेत. ओट्याखाली ताट बावीस वर्षं वाढलेलंच आहे. किलोमागे ब्याण्णव ग्रॅम. कुणी घासही घेतलेला नाही, कारण वर काँक्रीट होतं."

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "म्हणजे काँक्रीट टाकलं की प्रश्न मिटत नाही?"

"नाही. टिकतो."

साहेबांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "ओट्याखाली हे ऑइल होतं, हे कुणाला माहीत होतं? वहीतलं मी वाचलंय. पण मला ते इथे ऐकायला हवं."

मी उभा राहिलो. हॉलमध्ये चाळीस घरं होती. माइक होता, तो मी बाजूला सारला. म्हणालो, "एकतीस पिंपं मी ओतली. फिटर माझ्या सांगण्यावरून आला. मॅनेजमेंटने सांगितलं हे खरं, पण मला 'नाही' म्हणता येत होतं. बदल्यात मी ओटा घेतला. वीस वर्षं त्याच्यावर उभा राहून मी तुम्हाला प्रश्न विचारला. उत्तर माझ्या पायाखाली होतं. माती झाकू नका." आणि बसलो.

आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. मी मिनिटही घेतलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. फिटरने एकदा वाजवली, आजूबाजूला पाहिलं आणि हात खिशात घातला. मागून एक म्हातारी, जिने मला पाच निवडणुकांत मत दिलं, ती म्हणाली, "माझ्या सुनेने लग्न झाल्यापासून डोक्यावरून पाणी आणलं." ती माझ्याशी बोलत नव्हती. कुणाशीच बोलत नव्हती.

साहेबांनी काँक्रीटचा आदेश बाजूला ठेवला आणि कन्येला सगळ्या मैदानाचा आराखडा मागितला, ओट्याच्या खड्ड्यापासून सुरुवात करून. तपकिरी वहीची प्रत परिशिष्ट तीन म्हणून फायलीत लागली. निघताना साहेब मला म्हणाले, "पहिल्या पानावर माझ्याबद्दल लिहिलंय, ते बरोबर आहे. मी तिच्याकडेच पाहत होतो."

१२ जुलै

वसाहतीत तीन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. चौथ्यानेही सोडलं होतं, पण त्याला शिडी हवी होती.

ओटा गेला. त्याच्या जागचा खड्डा उपसून तिसरा ढीग घातला आहे. कन्येने त्याचं नाव क ठेवलं. मी आणि फिटर तो आठवड्यातून दोनदा उलटतो. अ आणि ब पेक्षा तो जड आहे. फिटर म्हणतो, आपलाच माल आहे, जड लागणारच. म्हातारीची सून काल फावडं घेऊन आली, अर्धा तास माती उलटली आणि एक शब्द न बोलता गेली. तिची वेळ मी निळीत लिहिली.

२ ऑगस्ट

क: चौतीस अंश. मूठ: बरोबर.

(ही नोंद निळीतली. चुकून इथे झाली. राहू दे.)

९ ऑगस्ट

कन्येने ओट्याखालची मूठभर माती काचेच्या बरणीत भरून, झाकणावर चिकटपट्टी लावून आमच्या कपाटावर ठेवली आहे. पट्टीवर लिहिलंय: "साक्षीदार. हात लावू नये. बाबा, आई, काका." मैदान साफ होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षं, ती तशीच राहायला हवी. तिच्याशी बाकी सगळं ताडून पाहायचं आहे. "तुमच्याकडेच ठेवतेय," ती म्हणाली. "बाकी कुणाकडे ठेवू?"

ही कपाट पुसते तेव्हा बरणीभोवती गोल सोडून पुसते.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. बरणीतली माती काठाला सुकून भेगाळल्यासारखी वाटली. पेलाभर पाणी घेऊन कपाटापाशी गेलो. बराच वेळ उभा होतो.

पाणी मीच प्यायलो.